ताईचं हसू आणि बारा नाकं

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्रत्येकाला गाडीचा एकेक अवयव वाटून दिलेला होता. कुणी चाकवाला, कुणी पंखवाला, कुणी नुसताच ब्रेकवाला. आपली गोष्ट ज्याची आहे तो नाकवाला. अकरा वर्षं त्यानं गाडीच्या नाकाखेरीज दुसऱ्या कशाला हात लावलेला नव्हता. काय करता म्हणून कुणी विचारलं तर तो रुबाबात "शर्यतीच्या गाड्या बनवतो" असं सांगायचा. त्याची थोरली बहीण शेजारी असली की तिथल्या तिथे दुरुस्ती करायची, "गाड्या कसल्या? नाकं बनवतो. गाडी दुसरे बनवतात."

नाक म्हणजे गाडीचा अगदी पुढचा, निमुळता भाग. दिसायला शोभेचा, पण गाडीची निम्मी अब्रू त्याच्यावर. नाक उंच ठेवलं की त्याच्या खालून वारा आत शिरतो, गाडीच्या पोटाखालून सुसाट पळतो आणि गाडीला जमिनीशी चिकटवून ठेवतो. गाडी चिकटली की वळणावर वेग कमी करावा लागत नाही. एवढं कळल्यावर शर्यतीत उतरणाऱ्या बाराही संघांची नाकं वर वर जायला लागली. शेवटी एका शर्यतीत एक उंच नाक पुढच्या गाडीच्या चाकावर चढलं, ती गाडी हवेत उडाली आणि तिसऱ्याच एका चालकाच्या डोक्यावरून गेली. माणूस वाचला. त्याच्या हेल्मेटचा रंग तेवढा खरवडला गेला.

मग नियम समिती जागी झाली. ही समिती एरवी गाढ झोपेत असते, पण जागी झाली की एकदम नियमच करते. नवा नियम आला: नाकाचं टोक जमिनीपासून अमुक उंचीच्या खाली हवं आणि ते टोक निदान मुठीएवढं जाड हवं. समितीच्या भाषेत ते सगळं मिलिमीटरमध्ये होतं, आपण मूठ म्हणू. समितीचा हिशोब साधा होता. टोक खाली आलं की बाकीचं नाक बिचारं त्याच्या मागोमाग येईल.

नाकवाल्यानं तो नियम सकाळी चहाबरोबर वाचला आणि चहा संपायच्या आत त्याला फट सापडली. टोक खाली आणा, असं समिती म्हणाली होती. नाक खाली आणा, असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्यानं नाक होतं तिथेच उंच ठेवलं आणि त्याच्या पुढून मुठीएवढं जाड, हातभर लांब असं एक बोट खाली लोंबतं सोडलं. टोक खाली, नाक वर, वारा मोकळा. समितीला तिचं टोक मिळालं होतं, आता तिनं तक्रार करायला जागा नव्हती.

पहिला नमुना तयार झाला तेव्हा मालक त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. खाली वाकून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं.

"हे असंच राहणार?" मालकांनी विचारलं.

"असंच."

"म्हणजे वर काही झाकण वगैरे?"

"नाही."

"आणि वेग?"

नाकवाल्यानं आकडा सांगितला. मालकांचा चेहरा उजळला.

"मग सुंदर आहे," मालक म्हणाले.

ही गाडी चालवणार होती नाकवाल्याची भाची, ताईची एकुलती एक लेक. लोक म्हणायचे, मामाचा वशिला. खरं सांगायचं तर तिला घेऊ नका म्हणून मालकांना सांगायला गेलेला कारखान्यातला एकमेव माणूस मामाच होता. मालकांनी त्याला नाकासमोर बघून काम करायला सांगितलं. पोरगी वेगवान होती, त्याला कुणाचा इलाज नव्हता. ताई मात्र लेकीची एकही शर्यत बघत नसे. शर्यत लागली की ती टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसे आणि मिनिटामिनिटाला "संपली का?" विचारत राही. दोन माणसांच्या घरात त्या दिवशी आठ माणसांची भाजी निवडून व्हायची.

आता त्या दाराचं प्रकरण.

नाक रंगवायला न्यायचं होतं. फायबरवाला, म्हणजे नाकाचं कवच थरावर थर देऊन बनवणारा नाकवाल्याचा जुना सोबती, ते ढकलगाडीवर ठेवून उतारावरून नेत होता. उताराच्या शेवटी मालकांची केबिन. मध्येच चाक अडकलं, ढकलगाडी थबकली, नाक मात्र थबकलं नाही. ते पट्ट्यातून सुटलं, घरंगळत गेलं आणि केबिनच्या बंद दारात बोट खुपसून उभं राहिलं.

आत मालक फोनवर बोलत होते. दार उघडेना, म्हणून त्यांनी बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोण आहे?" ते ओरडले.

"नाक आहे, मालक," फायबरवाला म्हणाला.

सगळा कारखाना हसला. चौघांनी धरून नाक मागे ओढलं, दार उघडलं. बोट मालकांच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत पोहोचलं होतं. त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता. मालक तर खूश झाले. "बघा! याला म्हणतात काम!" म्हणत त्यांनी दाराच्या भोकातून हात बाहेर काढून सगळ्यांना टाटा केला. आणखी हशा पिकला.

नाकवाला एकटाच हसला नाही. सगळे पांगल्यावर तो दाराजवळ गेला. भोक गोल होतं, कडा स्वच्छ कापलेल्या होत्या. त्यानं मूठ आत घालून पाहिली, ती बरोबर बसली. दाराचं प्लायवुड आणि चालकाच्या बरगड्यांशेजारची गाडीची बाजू यांत फरक आहे, हे त्याला ठाऊक होतं. किती फरक आहे हेही ठाऊक होतं आणि तो पुरेसा नव्हता. समितीच्या चाचणीत नाक सपाट भिंतीवर आपटतात. भिंतीवर बोट मोडायचं, मागचं नाक चुरा होऊन झटका गिळायचं आणि 'उत्तीर्ण' असा शिक्का पडायचा. पण शर्यतीत भिंती थोड्या आणि गाड्या जास्त असतात, गाड्या आडव्याही होतात, याची चाचणीला कल्पना नव्हती.

तो मालकांकडे गेला.

"मालक, हे टोचेल."

"कुणाला?"

"ज्याला लागेल त्याला."

"आपलं नाक आपल्याला कसं लागेल?" मालकांनी सरळ प्रश्न केला. "नियमात बसतं ना?"

"बसतं."

"मग बसू दे. तूही बस जरा. दमलास."

नाकवाला बसला नाही. त्याला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. आज हे बोट फक्त आपल्या गाडीला आहे. पहिल्या शर्यतीत छायाचित्रकार फोटो काढतील आणि तिसऱ्या शर्यतीपर्यंत बाराही गाड्यांना बोटं फुटतील. अकरा अकलेचे कांदे अकरा बोटं घेऊन आपल्या भाचीच्या मागे लागतील. आणि ही अक्कल त्यांना कुणी दिली? मामानं. नको, हे आत्ताच मारायला हवं.

मारायची एक जुनी रीत त्या धंद्यात होती. दुसऱ्या संघाची युक्ती नडायला लागली की तक्रार करायची नाही. तक्रारीला पुरावा लागतो. त्याऐवजी साळसूद चेहऱ्यानं समितीला शंका विचारायची: आम्ही अशी अशी गोष्ट करावी म्हणतो, चालेल का? समिती असल्या शंकेला घाबरते आणि घाबरली की "चालणार नाही" म्हणते. ते उत्तर बाराही संघांना जातं, विचारणाऱ्याचं नाव गुप्त राहतं आणि ज्याची युक्ती असते तो कपाळाला हात लावून बसतो. नाकवाल्याची आतापर्यंत चार नाकं अशा शंकांनी मेली होती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे जगात पुष्कळ. पण लेकरासाठी आपल्याच नाकावर आपणच शंका घेणारा हा पहिला.

इथे त्याचं चुकलं. शंका कशी अर्धवट आणि गबाळी हवी, म्हणजे समितीला संशय यायला वाव राहतो. याला गबाळं काम जमतच नव्हतं. त्यानं बोटाची सुबक आकृती काढली. तीन बाजूंनी काढली. कोणतं माप कोणत्या कलमात कसं चपखल बसतं, ते बाण काढून दाखवलं. पाठवण्याआधी हातात धरून एकदा लांबून पाहिलं आणि त्याला, मारायला निघालेल्या माणसाला, आपल्या नाकाचा अभिमान वाटला. आपणच काढलेल्या चित्राच्या कोणी इतकं प्रेमात पडू नये.

उत्तर आठवडाभरात आलं. मालकांनी ते बैठकीत मोठ्यांदा वाचलं.

"'सदर रचनेस हरकत नाही. शंकेसोबतची आकृती अत्यंत स्पष्ट असल्याने ती सर्व संघांच्या माहितीसाठी जोडत आहोत.'"

मालकांनी कागद टेबलावर आपटला.

"आपली युक्ती! आपली! फुकटात अकरा जणांना! कुठल्या शहाण्यानं विचारलं हे?" मग त्यांनी आकृती उचलून डोळ्यांजवळ धरली. "चित्र मात्र छान काढलंय गाढवानं."

नाकवाला घटाघटा पाणी प्यायला.

महिनाभरात बातम्या यायला लागल्या. बाराही गाड्यांना बोटं येणार. त्याच सुमारास भाची आसनाचं माप द्यायला कारखान्यात आली. गाडीत आधीच अंग चोरून बसायला लागतं, त्यात माप घ्यायचं म्हणजे हळूहळू घट्ट होणाऱ्या फेसाच्या पिशवीत रुतून निपचित पडून राहायचं. ती पडल्या पडल्या मामाशी गप्पा मारत होती.

"सगळ्यांनाच बोटं म्हणे, मामा."

"हं. तुला नाही ना आवडलं ते नाक?"

"माझं? मला माझं नाक कुठे दिसतं?"

"म्हणजे?"

"ये, बसून बघ इथे."

ती बाहेर आली, मामा आत शिरला. पोटाशी अडकला, श्वास सोडून पुन्हा शिरला. अकरा वर्षं ज्या गाडीचं नाक तो करत होता तिच्यात तो पहिल्यांदाच बसला होता. समोर दोन चाकं दिसत होती आणि वर आकाशाच्या जागी कारखान्याचं छप्पर. नाकाचा पत्ता नव्हता. डावी-उजवीकडे तळहाताएवढे दोन आरसे होते.

"दिसलं?" भाची बाहेरून म्हणाली. "आपलं नाक दुसऱ्यांना दिसतं. मला मागच्यांची दिसतात. आरशात."

मामाला तिथून बाहेर काढायला फायबरवाल्याला बोलवावं लागलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता आणि भाचीला वाटलं, पोटामुळे.

दुसऱ्या दिवशी तो थेट समितीच्या अध्यक्षांना जाऊन भेटला. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

"तुमचा मुद्दा सुरक्षेचा आहे," ते म्हणाले. "अपघात झाला का?"

"अजून नाही."

"मग अडचण आहे. सुरक्षेचा नियम अपघाताशिवाय बदलत नाहीत. तशी पद्धत आहे. आधीच बदलला तर कशासाठी बदलला, हे लिहायचं काय?"

"कुणाचा जीव गेला तर?"

"तर तातडीनं बदलू," अध्यक्षांनी आश्वासन दिलं. त्याचं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण निरोप देताना ते सहज म्हणाले, "सुरक्षा सोडून दुसरं काही असतं तर बघता आलं असतं. खेळाच्या प्रतिष्ठेचं कलम आहे. जाहिरातदार नाराज झाले, लोकांनी खिल्ली उडवली, तर आठ दिवसांत निकाल लागतो. पण लोकांचं म्हणाल तर त्यांना नाकातलं काय कळतंय!"

नाकवाला जिना उतरता उतरता थांबला. लोकांचं त्याला माहीत नव्हतं. पण त्याला ताई माहीत होती.

ताईचं हसणं हा घराण्यात काळजीचा विषय होता. आधी ते पोटात गडगडायचं, मग खांदे हलायचे आणि मग जे फुटायचं ते चार घरं ओलांडून जायचं. त्या हसण्यापायी शाळेत तिला वर्गाबाहेर काढायचे आणि बाहेरून तिचं हसणं ऐकून वर्ग हसायचा, म्हणून परत आत घ्यायचे. एका आजोबांच्या शोकसभेत तिला वक्त्याची उलटी घातलेली बंडी दिसली होती आणि पुढे आजोबांच्या सख्ख्या भावासकट सगळे हसले होते. तिच्यासमोर कुणाला गंभीर राहता येत नसे.

सगळ्या संघांच्या नव्या गाड्यांवरचे पडदे एकाच मोठ्या दालनात, एकाच दिवशी उघडायचे होते. घरच्या माणसांना आमंत्रण असायचं. ताई कधीच जात नसे. नाकवाला तिला न्यायला गेला.

"मी कशाला येऊ?" ताई म्हणाली. "मला बघवत नाही ते."

"शर्यत नाहीये. गाड्या नुसत्या उभ्या असतात."

"नवीन काहीतरी केलंयस म्हणे तू पुढे." ताईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "धोक्याचं काही नाही ना रे?"

लहानपणापासून तो ताईशी खोटं बोलू शकला नव्हता. ती पकडायचीच. पण खरं सांगितलं तर ती तिथे उभी राहून रडेल. रडणाऱ्या आईमुळे कुठलं कलम हलत नाही.

"धोका कसला? गंमत आहे नुसती," तो म्हणाला.

या खेपेला तिनं पकडलं नाही. त्याचंच त्याला फार लागलं.

दालनात त्यानं तिला पुढच्या रांगेत बसवलं. एका बाजूला अध्यक्ष आणि समोर निवेदकाचा माईक. गाड्यांवर रेशमी पडदे होते, संगीत चालू होतं, जाहिरातदार कडक इस्त्रीत आले होते. पहिला पडदा उघडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा चाचरत. दुसऱ्या गाडीला एक नव्हे तर दोन बोटं होती, त्यातलं एक आखूड. तिसऱ्या संघानं बोट दिसू नये म्हणून ते काळं रंगवलं होतं, आणि पांढऱ्याशुभ्र गाडीवर तेवढंच दिसत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. निवेदक "आक्रमक आणि भविष्यवेधी रूप" असं काहीतरी म्हणाला. नाकवाल्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. ताईनं ओठ घट्ट मिटले होते. पोटात गडगड सुरू झाली होती.

मग तिच्या लेकीच्या गाडीचा पडदा उघडला. या गाडीचे जाहिरातदार गाद्या बनवणारे होते. त्यांचं ब्रीदवाक्य 'निवांत झोपा' असं होतं आणि ते नाकावर हवंच, असा त्यांचा हट्ट होता. जागा पुरली नाही. 'निवांत' वर नाकावर राहिलं आणि 'झोपा' खाली लोंबत्या बोटावर आलं.

ताईचे खांदे हलले. आणि मग फुटलं.

ते माईकनं उचललं आणि साऱ्या दालनाला ऐकवलं. आधी मागच्या रांगेतली दोन-तीन माणसं हसली, मग वार्ताहर हसले, मग चालक. ती काळ्या बोटाकडे हात करून काहीतरी सांगायला जायची आणि पुन्हा कोसळायची. निवेदक "भविष्यवेधी" म्हणायला गेला आणि माईक खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून हसला. शेवटी अध्यक्षांनीही रुमाल काढला. गाद्यावाले तेवढे हसत नव्हते. ताईनं भावाचा दंड घट्ट धरला होता, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अरे, माझ्या लेकीला... हे असलं... आणि त्याच्यावर झोपा!" नाकवालाही हसला. हसणं भाग होतं. खरं तर त्याला तिथेच बसून रडावंसं वाटत होतं. ती कशाला हसते आहे, हे त्या दालनात फक्त त्यालाच माहीत होतं.

ते हसणं रात्रीपर्यंत घरोघरच्या फोनवर पोहोचलं. आठवडा पुरा व्हायच्या आत समितीचं पत्रक निघालं. नाक मुळापासून टोकापर्यंत सलग खाली उतरतं असावं, 'शोभिवंत असावे व प्रेक्षकांत अनुचित हास्य निर्माण करू नये'. तपासणी समितीच्या आवारात, गाडी उभी करून होईल. बोटं गेली. नाकवाल्यानं सुटकेचा नि:श्वास टाकला आणि त्या दिवशी तो घरी जाऊन भरदिवसा झोपला.

मग भाचीनं आईला बोटाच्या धोक्याचं सगळं सांगितलं. मालकांच्या दाराचं भोक तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि फायबरवाल्याच्या पोटात काही राहत नसे. ताई भावाच्या घरी आली. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही.

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर तू हसली नसतीस."

ताईनं न घेतलेला पाण्याचा पेला उचलून परत त्याच्या हातात दिला.

"पुन्हा मला असं हसवू नकोस," ती म्हणाली आणि उठून गेली.

इकडे मालकांनी नवं पत्रक नाकवाल्यापुढे टाकलं. "बघ काही निघतंय का."

निघत होतं. पहिल्या वाचनातच निघालं. तपासणी गाडी उभी असताना होणार होती. कवचाचे थर जरा वेगळे दिले तर उभ्या गाडीचं नाक शोभिवंत खाली राहील आणि गाडी धावायला लागली की वाऱ्यानं आपोआप वर उचललं जाईल. त्याला कळायच्या आत हातानं पेन्सिल घेऊन तीन रेषा ओढल्यासुद्धा होत्या. वर, जिथे मागे ते नाक होतं, बरोबर तिथे. दुसऱ्याच्या चाकावर चढायच्या उंचीला. त्यानं कागदाचा बोळा करून खिशात घातला.

"काही नाही यात," तो म्हणाला.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा?"

"वय झालं, मालक."

आणि त्यानं सरळ नाक केलं. उभं असताना जसं, धावतानाही तसंच. खाली झुकलेलं, गुळगुळीत, सलग. फायबरवाला त्यावरून हात फिरवून म्हणाला, "हे दिसायला चांगलंय रे." गाद्यावाल्यांचे दोन्ही शब्द एका ओळीत बसले. एवढं देखणं नाक त्यानं पूर्वी केलेलं नव्हतं, आणि आपल्याला ते आवडतंय याचंच त्याला नवल वाटत होतं.

पहिल्या शर्यतीला ताई आली. पाठ न करता, तोंड पुढे करून बसायचं असं ठरवूनच आली. बारा गाड्या ओळीनं उभ्या होत्या, बाराही नाकं देखणी. कुणी हसलं नाही. अध्यक्ष ओळीवरून फिरले आणि समाधानानं मान डोलवत गेले. ताईनं भावाला विचारलं, "आता ठीक आहे ना सगळं?"

तो काही बोलायच्या आत गाड्या सुटल्या. पहिल्या लांब सरळ रस्त्यावर वेग चढला आणि नाकवाल्यानं टीव्हीच्या पडद्यावर पाहिलं, एकामागून एक अकरा नाकं हळूच वर उठत होती. सकाळी पूजेला बसल्यासारखी खाली वाकलेली नाकं. ज्या उंचीपायी एक गाडी माणसाच्या डोक्यावरून गेली होती, ज्या उंचीसाठी नियम झाला होता, त्या उंचीला ती आरामात जाऊन बसली. पुढच्या वळणावर वेग उतरला तशी ती पुन्हा खाली आली. समितीनं तपासायला गाडी थांबवली असती तर काहीच सापडलं नसतं. बारावं नाक तेवढं होतं तिथेच होतं, आणि भाची एकेका वळणाला मागे पडत होती.

"तिच्या मागे कोण आहे आता?" ताईनं त्याची बाही ओढली.

"दोघं."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"एक."

"आता?"

"कुणी नाही, ताई. ती शेवटची आहे."

"अगदी कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

ताई खुर्चीत मागे टेकून बसली. लेक शर्यतीत उतरायला लागल्यापासून ती पहिल्यांदाच अशी टेकून बसली असेल. पुढची सगळी शर्यत तिनं बघितली, आणि लेकीची गाडी एकटी, रमतगमत आल्यासारखी समोरून गेली की दरवेळी हात हलवला.

शर्यत संपल्यावर भाची गॅरेजमध्ये आली. तिनं हेल्मेट काढलं. चेहरा लालबुंद होता.

"मामा, आरसा रिकामा होता. पूर्ण शर्यतभर."

"हो."

"मला त्यांच्यासारखं नाक हवंय. उठणारं."

मामानं इकडे तिकडे पाहिलं. "पोरी, ते चाकावर चढतं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुला येतं ना करता?"

खिशातला बोळा त्यानं अजून टाकलेला नव्हता. भाचीशी खोटं बोलायचं त्याला जमलं असतं, पण आता खोटं बोलायची त्याला भीती बसली होती.

"येतं," तो म्हणाला. "पण आधी समितीला एक शंका विचारून..."

"नको!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागचं चित्र तूच काढलं होतंस ना? बघितल्याबरोबर ओळखलं मी. इतके सुबक बाण दुसरं कोण काढतं? तू विचारलंस की सगळ्यांना मिळतं, मामा. आणि आत्ता सगळ्यांकडे आहे. मलाच नाही. अजून दोन शर्यती शेवटची आले तर मालक दुसरा चालक बघतील. मला रिकामा आरसा नकोय, त्यात माणसं हवीत. मी त्यासाठीच बसते तिथे."

तेवढ्यात ताई येऊन पोहोचली. गर्दीतून वाट काढत, दोन्ही हात वर करून. "शेवटची आली! माझी लेक शेवटची आली!" असं म्हणता म्हणता तिच्या पोटात गडगडलं, खांदे हलले आणि ते जुनं हसू चारी बाजूंना फुटलं. शेजारच्या गॅरेजमधली माणसं वळून बघायला लागली, आणि बघता बघता तीही हसायला लागली. एक जण जिंकलेला चषक हातात धरून हसत होता. ताईनं एका हातानं लेकीला कवटाळलं आणि दुसऱ्या हातानं भावाचा दंड धरला.

लेकीनं आईच्या खांद्यावरून मामाकडे पाहिलं.

"पुढच्या शर्यतीआधी," ती हळूच म्हणाली. "आणि आईला सांगू नकोस. हसते आहे तोवर हसू दे."

मामानं मोकळ्या हातानं खिशातला बोळा चाचपला. ताईनं त्याचा दंड घट्ट धरला होता आणि ती हसत होती.